कंपनीचे शील

१६ जून २०२० रोजी कॅलिफोर्नियातील ब्यूट परगण्याच्या न्यायालयात न्यायाधीशांनी ८४ मृतांची नावे एकेक करून वाचली. प्रत्येक नावानंतर ‘पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक’ या वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी बिल जॉन्सन यांनी गुन्हा कबूल केला. नोव्हेंबर २०१८ मध्ये या कंपनीच्या वीजवाहिनीमुळे वणवा पेटला आणि पॅरडाइज नावाचे गाव जवळजवळ पूर्ण जळाले. आरोप अनैच्छिक मनुष्यवधाचा होता. जॉन्सन कंपनीत आले ते २०१९ मध्ये, आग विझून गेल्यावर. त्यांच्या हातून काहीच घडले नव्हते. ज्यांच्या हातून घडले, किंवा करायचे राहून गेले, त्यांच्यापैकी एकावरही खटला झाला नाही. कोणी तुरुंगात गेले नाही. कंपनीला सुमारे ३५ लाख डॉलर दंड झाला. तिचा वार्षिक महसूल तेव्हा १७ अब्ज डॉलरच्या घरात होता. म्हणजे दंड भरायला दोन तासांची मिळकत पुरली.

मग गुन्हा नेमका केला कोणी?

या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरे आहेत. पहिले असे, की कंपनी हे कागदावरचे नाव आहे, गुन्हा माणसेच करतात. अठराव्या शतकातले इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर थर्लो यांच्या नावावर एक उद्गार सांगितला जातो. त्याचा आशय असा, की कंपनीला नरकात धाडावा असा आत्मा नसतो आणि लाथ घालावी असे शरीरही नसते. तेव्हा कंपनीला शिक्षा देण्याचा खटाटोप सोडा आणि दोषी माणूस शोधून काढा. दुसरे उत्तर हिशेबी आहे. कंपनी नफ्या-तोट्याचे गणित मांडते. गुन्हा तोट्यात जाईल इतका दंड वाढवा, म्हणजे ती आपोआप सुधारेल. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण पहिले उत्तर एका माणसाचा एक निर्णय शोधते आणि दुसरे संपूर्ण कंपनीचा एक हिशेब शोधते. प्रत्यक्षात कंपन्यांचे बरेच मोठे गुन्हे निर्णयातूनही होत नाहीत आणि हिशेबातूनही होत नाहीत. ते सवयीतून होतात. हे एकदा ध्यानात घेतले की कंपनीच्या शिक्षेचा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. ती दिशा तेवीसशेहून अधिक वर्षांमागे ॲरिस्टॉटलने दाखवून ठेवली आहे.

सवयीतून गुन्हा कसा होतो, ते याच कंपनीच्या आधीच्या एका प्रकरणात दिसते. ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो शहरात कंपनीची जमिनीखालची गॅसवाहिनी फुटली. ८ माणसे मेली, ३८ घरे नष्ट झाली. वाहिनीचा तो भाग १९५६ मध्ये बसवलेला होता. कंपनीच्या दप्तरात तिथला नळ अखंड, बिनजोडाचा असल्याची नोंद होती. फुटलेला नळ बाहेर काढला तेव्हा तो वेल्डिंग केलेला निघाला, आणि ते वेल्डिंगही सदोष होते. चुकीची नोंद कोणी केली, हा प्रश्न अर्धशतकानंतर निरर्थक होता. खरा प्रश्न असा, की मधल्या इतक्या वर्षांत ती नोंद एकदाही जमिनीखालच्या वस्तूशी ताडून का पाहिली गेली नाही? त्याचे उत्तर कुणाच्या कटात सापडत नाही. ताडून पाहायची रीतच नव्हती. आदल्या वर्षी जे झाले तेच पुढल्या वर्षी झाले. कुणा अधिकाऱ्याने एखाद्या सकाळी माणसे मारायचे ठरवले नाही; दर सकाळी कामावर येणाऱ्याने कालच्यासारखाच आजचा दिवस काढला. अपघाताची चौकशी सुरू झाल्यावर कंपनीने चौकशी करणाऱ्यांचीही दिशाभूल केली. ऑगस्ट २०१६ मध्ये ज्यूरीने तिला सहा गुन्ह्यांत दोषी ठरवले. त्यांतले पाच गॅसवाहिनीच्या सुरक्षिततेचे आणि एक चौकशीत अडथळा आणल्याचा.

ॲरिस्टॉटलचे म्हणणे थोडक्यात असे. सद्गुण म्हणजे एखादे चांगले कृत्य नव्हे, तसे ते चांगल्या वागण्याचे ज्ञानही नव्हे. सद्गुण ही अंगात मुरलेली वृत्ती असते. न्याय्य कृत्ये करत करत माणूस न्यायी होतो, धाडसाची कृत्ये करत करत धाडसी. दुर्गुणही त्याच वाटेने येतो. आधी कृत्यांतून सवय बनते आणि मग त्या सवयीतून विचार न करता कृत्ये होऊ लागतात. म्हणून माणसाला जोखताना त्याने एकदा काय केले, एवढे पाहून भागत नाही. तो कसा घडला आहे ते पाहावे लागते. युरोपीय विचारात मधली काही शतके ही दृष्टी मागे पडली होती. नियम आणि परिणाम यांचीच चर्चा चालू होती. १९५८ मध्ये एलिझाबेथ ॲन्सकोम यांच्या एका निबंधाने आणि १९८१ मध्ये ॲलिस्डेअर मॅकिन्टायर यांच्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथाने ती पुन्हा चर्चेत आणली. मॅकिन्टायर यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. वैद्यक असो, बांधकाम असो की अध्यापन असो, प्रत्येक कामाचे स्वतःचे असे श्रेय असते. पण ते काम ज्या संस्थेत चालते तिला पैसा, सत्ता आणि नाव यांची ओढ असते. कामातले श्रेय जपणारे गुण अंगी नसतील तर संस्था ते काम आतून पोखरते. नळातून गॅस सुरक्षित पोचवणे हेही असेच एक काम आहे.

पण शील माणसाला असते. कंपनीला ते असते असे म्हणणे म्हणजे नुसता अलंकार नव्हे काय? तत्त्वज्ञ पीटर फ्रेंच यांनी १९७९ मध्येच असा युक्तिवाद केला होता, की कंपनीची निर्णय घेण्याची अंतर्गत रचना असते आणि त्या रचनेमुळे कंपनीचे हेतू हे कुणा एका माणसाच्या हेतूंहून वेगळे ठरतात. त्यावर पुष्कळ वाद झाला. इतके लांब न जाताही भागते. माणसाचे शील आपण ओळखतो कसे? तीन खुणांवरून. अडचणीच्या वेळी तो आधी काय सोडतो, त्याला आनंद कशात होतो, आणि अप्रिय बातमी आणणाऱ्याशी तो कसा वागतो. या तिन्ही खुणा कंपनीत दिसतात, उलट अधिक स्पष्ट दिसतात. अंदाजपत्रकाला कात्री लागली की पहिली कपात देखभालीवर येते की जाहिरातीवर? बढती कोणाला मिळते, खर्च वाचवणाऱ्याला की धोका दाखवून काम थांबवणाऱ्याला? धोक्याचा अहवाल वर जाताना प्रत्येक पायरीवर सौम्य होत जातो का? या प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या हिशेबवह्यांत, टिपणांत आणि इतिवृत्तांत असतात. आणि माणसे बदलली तरी ती फारशी बदलत नाहीत. नवा माणूस येतो तो महिना-दोन महिन्यांत ‘इथे असेच चालते’ हे शिकतो. हे जे माणसांच्या येण्याजाण्यातून टिकून राहते त्याला शील म्हणायला आत्म्याची गरज नाही.

कायद्याला हे उमगायला फार वेळ लागला, आणि त्याची किंमत मोजावी लागली. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झीब्रुगे बंदरातून निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एन्टरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडेच ठेवून समुद्रात शिरली आणि काही मिनिटांत कलंडली. १९३ जण मेले. दरवाजे लावायचे काम ज्याचे, तो खलाशी आपल्या खोलीत झोपला होता. ते लागल्याची खात्री करायचे काम ज्याचे, तो दुसरीकडे गेला होता. आणि काही कळले नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे कप्तानाने गृहीत धरले होते. दरवाजे लागले की नाही हे सांगणारा दिवा कप्तानाच्या समोर असावा, अशी मागणी इतर कप्तानांनी आधी केली होती. कंपनीच्या कार्यालयात तिची थट्टा झाली. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शीन यांनी ढिसाळपणाचा रोग कंपनीत वरपासून खालपर्यंत पसरला होता, असा ठपका ठेवला. एवढे होऊनही १९९० मध्ये कंपनीवरचा मनुष्यवधाचा खटला कोसळला. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्याला कंपनीचे ‘मन’ ठरेल असा वरिष्ठ अधिकारी हवा होता आणि त्या एकाच अधिकाऱ्याच्या ठायी संपूर्ण अपराध हवा होता. इथे अपराध पुष्कळ जणांत थोडा थोडा वाटला गेला होता. दोष जितका सर्वत्र पसरलेला, तितकी कंपनी निर्दोष, असा हा उफराटा न्याय झाला.

यातून धडा घेतला गेला. ऑस्ट्रेलियाने १९९५ च्या फौजदारी संहितेत ‘कंपनीची संस्कृती’ हाच अपराध सिद्ध करण्याचा एक मार्ग म्हणून घातला. कंपनीतील वृत्ती, धोरण, नियम किंवा चालत आलेली रीत यांनी कायदाभंगाला उत्तेजन दिले, तो खपवून घेतला किंवा त्याकडे नेले, असे दाखवले की पुरे. अमुक एका संचालकाचे मन उघडून दाखवायची गरज नाही. ब्रिटनने २००७ मध्ये कंपन्यांच्या हातून होणाऱ्या मनुष्यवधाचा स्वतंत्र कायदा केला. त्यात ज्यूरीला कंपनीतल्या वृत्ती आणि रूढ प्रथा विचारात घेण्याची मुभा दिली. कायद्याने ॲरिस्टॉटलचे नाव घेतले नाही, पण प्रश्न त्याचाच विचारला: हे कृत्य कोणत्या सवयीतून आले?

या वळणावर कंपनीचा वकील एक बचाव मांडतो. आम्हाला माहीतच नव्हते, मग अपराधी मन कसले? ॲरिस्टॉटलने यालाही उत्तर देऊन ठेवले आहे. मिटिलीनीचा शासक पिट्टाकस याच्या कायद्यात दारूच्या नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा होती. नशेत माणसाला आपण काय करतो ते कळत नाही, हे खरे; पण नशा न करणे त्याच्या हाती होते. न कळणे हेच त्याने स्वतःवर ओढवून घेतले. सॅन ब्रुनोच्या दप्तराला हा न्याय नेमका लागू पडतो. कंपनीला नळाची खरी स्थिती ठाऊक नव्हती, हे मान्य करू. पण नोंदी न तपासण्याची रीत तिने वर्षानुवर्षे जोपासली होती. असे अज्ञान हा बचाव ठरू शकत नाही. अपराधाचा मोठा भाग तेच असते.

आता या विचारातल्या धोक्याकडे वळले पाहिजे, कारण तो खरा आहे. कायद्याने कृत्याला शिक्षा द्यावी, स्वभावाला देऊ नये, हे तत्त्व मोठ्या अनुभवातून आले आहे. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यानेच आरोपीचे वाईट चारित्र्य हा त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून सहसा अग्राह्य ठरवला होता. ‘हा माणूसच असला आहे’ एवढ्यावर न्यायालयाने कुणाला दोषी धरू नये. हे तत्त्व सोडले की काय होते, ते आपल्याकडच्या पारधी, कैकाडी, बेरड आणि अशा कितीतरी समाजांनी भोगले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून स्वभाव ठरवला आणि स्वभावावरून गुन्हेगार. हजेरी, पहारा आणि सोलापूरसारख्या ठिकाणच्या सेटलमेंटचे कुंपण हे त्याचे फळ होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समाज त्या कायद्यातून मुक्त झाले, पण तो शिक्का पुसायला पुढच्या पिढ्यांनाही झगडावे लागते आहे. मग शीलावर बोट ठेवणारा कायदा पुन्हा कशाला आणायचा?

मला वाटते, याचे उत्तर माणूस आणि कंपनी यांच्यातल्या भेदात आहे. माणसाचे अंतरंग त्याचे स्वतःचे असते. तिथे शिरण्याचा हक्क राज्याला नाही, कारण माणूस राज्याने घडवलेला नाही आणि त्याची प्रतिष्ठा राज्याने दिलेली नाही. कंपनीचे तसे नाही. तिचा जन्मच नोंदणीच्या दाखल्याने होतो. भागधारकांची जबाबदारी मर्यादित, आयुष्य अमर्याद, स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगण्याचा आणि खटला भरण्याचा अधिकार, हे सारे तिला कायद्याने दिले. तिचे अंतरंग म्हणजे कार्यपद्धती, अंदाजपत्रके, बढतीचे निकष आणि तपासणीची वेळापत्रके. ती उघडून पाहिल्याने कुणाच्या सदसद्विवेकावर आक्रमण होत नाही. माणसाच्या आणि जमातीच्या बाबतीत जे अन्यायाचे, तेच कंपनीच्या बाबतीत न्यायाला आवश्यक ठरते. सद्गुणांचे नीतिशास्त्र फौजदारी कायद्यात आणायला खरोखर योग्य जागा कोणती असेल, तर ती कंपनीचीच.

शील हा प्रश्न मानला की शिक्षेचा अर्थ पालटतो. ॲरिस्टॉटल शिक्षेला औषध म्हणतो, आणि औषध रोगाच्या उलट गुणाचे असावे असेही सांगतो. दंड हे कोणत्या रोगावरचे औषध आहे? लोभावरचे असेल. सॅन ब्रुनोनंतर कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाने एप्रिल २०१५ मध्ये याच कंपनीवर १.६ अब्ज डॉलरचा भार टाकला. त्यातला मोठा हिस्सा गॅसवाहिन्यांच्या सुरक्षिततेवर खर्च करायचा होता. रक्कम किरकोळ नव्हती. तरीही साडेतीन वर्षांनी पॅरडाइज जळाले. या वेळी दोष विजेच्या मनोऱ्यावरच्या एका आकड्याचा होता. जवळजवळ शंभर वर्षे जुना तो लोखंडी आकडा घासून घासून तुटला आणि जिवंत तार खाली आली. मनोऱ्यावर चढून बारकाईने पाहणी करायचे काम वर्षानुवर्षे झाले नव्हते. पैशाने गॅसच्या नळांकडे लक्ष वळवले. जुन्या वस्तूंकडे न पाहण्याची सवय मात्र विजेच्या बाजूला जशीच्या तशी राहिली. या आणि आधीच्या वणव्यांतल्या पीडितांसाठी कंपनीला पुढे १३.५ अब्ज डॉलरचा निधी उभारावा लागला. भरपाई म्हणून तो हवाच होता. पण भरपाई झालेल्या हानीकडे पाहते, सवय पुढच्या हानीची तयारी करत असते.

दंडाच्या जोडीला अलीकडे दुसरे औषध दिले जाते: नियमपालनाची यंत्रणा. अमेरिकेच्या १९९१ च्या शिक्षेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशी यंत्रणा असलेल्या कंपनीला दंडात सवलत देऊ केली. परिणाम ठरलेला होता. कंपन्यांनी नीतिसंहिता छापल्या, प्रशिक्षणाच्या नोंदवह्या भरल्या. २००१ मध्ये कोसळलेल्या एन्रॉन या कंपनीची नीतिसंहिता ६४ पानांची होती. ॲरिस्टॉटल अशा लोकांबद्दल म्हणतो, की ते वैद्याचे लक्षपूर्वक ऐकतात आणि सांगितलेले काहीच करत नाहीत. २००४ मध्ये अमेरिकी तत्त्वांत दुरुस्ती झाली आणि नुसत्या यंत्रणेबरोबर नीतीला पोषक अशी संस्कृतीही जोपासली पाहिजे, असे शब्द आले. पण शब्दांनी वळण लागत नाही. वळण लावायला कुणीतरी रोज पाठीशी उभे राहावे लागते.

असा प्रयोगही याच कंपनीवर झाला आणि म्हणूनच तिचे उदाहरण इतके बोलके आहे. जानेवारी २०१७ मध्ये सॅन ब्रुनोच्या खटल्यात न्यायालयाने तिला ३० लाख डॉलर दंड केला आणि शिवाय पाच वर्षे प्रोबेशनवर, म्हणजे न्यायालयाच्या देखरेखीखाली, ठेवले. बाहेरचा देखरेखनीस नेमला. १०,००० तास समाजसेवा करायला लावली. आपण दोषी ठरलो आहोत, अशा जाहिराती स्वतःच्या खर्चाने द्यायला लावल्या. पुढे हे प्रकरण न्यायाधीश विल्यम ऑलसप यांच्याकडे आले. प्रोबेशनच्या अटी मोडल्याबद्दल २०१९ मध्ये त्यांनी वरिष्ठ अधिकारी आणि संचालक यांना पॅरडाइजची राख आणि सॅन ब्रुनोची जागा प्रत्यक्ष जाऊन पाहायला लावले. तारांजवळची झाडे किती कापली, याचा जाब ते कंपनीला वारंवार विचारत राहिले. माणसाला लावावे तसे वळण कंपनीला लावण्याचा हा प्रामाणिक आणि चिकाटीचा प्रयत्न होता.

तो फसला. जानेवारी २०२२ मध्ये प्रोबेशन संपताना ऑलसप यांनी स्वतःच तसे लिहून ठेवले. प्रोबेशनच्या काळात कंपनीने किमान ३१ वणवे लावले, सुमारे १५ लाख एकर जाळले, २३,९५६ बांधकामे नष्ट केली आणि ११३ माणसे मारली, असा त्यांनी हिशेब दिला आणि ही कंपनी अजूनही कॅलिफोर्नियाला धोका आहे, असा निर्वाळा दिला. मग सद्गुणांची सारी भाषा व्यर्थ ठरली का? मला तसे वाटत नाही. कारण अपयशाची कारणेही सवयीच्या भाषेतच समजतात. झाडे तोडणे आणि तारांची तपासणी ही कामे कंपनीने बाहेरच्या कंत्राटदारांवर सोपवली होती, आणि ऑलसप यांचे बोट नेमके तिथेच होते. ज्या हातांनी सवय घडायची, ते हातच कंपनीचे नव्हते. दुसरे असे, की ग्राहकांना दुसरी वीजकंपनी नव्हती. तेव्हा ही कंपनी बुडू दिली जाणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. तिसरे, कायद्याने प्रोबेशनला पाच वर्षांची मर्यादा होती. शंभर वर्षे मुरलेली सवय पाच वर्षांत सुटत नाही. वाईट सवय लावून घेणे आपल्या हाती असते, पण लागल्यावर ती नुसत्या इच्छेने जात नाही, हेही ॲरिस्टॉटलनेच बजावले होते. म्हणून धडा असा, की शील सुधारण्याची शिक्षा योग्य आहे. पण ती लवकर सुरू व्हावी, लांब चालावी आणि काम करणाऱ्या हातांपर्यंत पोचावी.

कंपनीच्या शीलाची चर्चा माणसांना पाठीशी घालण्यासाठी आहे, असे कुणी समजू नये. सवय आपोआप पडत नाही. तपासणीचा खर्च कापणारी सही एका माणसाचीच असते. ती सही सिद्ध होते तिथे त्या माणसाला शिक्षा झालीच पाहिजे. फक्त मोठे पद आहे म्हणून सरसकट दोष लावता येणार नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुनील भारती मित्तल प्रकरणात सांगितले, ते बरोबरच आहे. पण म्हणूनच कंपनीचा अपराध वेगळा मोजायला हवा, नाहीतर सही सापडली नाही की सारेच सुटतात. दुसरीकडे कंपनीला एका फटक्यात संपवणेही धोक्याचे आहे. आर्थर अँडरसन ही हिशेबतपासनीस कंपनी २००२ मध्ये दोषी ठरली आणि मोडली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, तोवर हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

आपल्याकडे या प्रश्नाचे नाव भोपाळ आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून विषारी वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू निर्विष करणारी यंत्रणा त्याला आवरू शकली नाही आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ जोडलेला नव्हता. यांतली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर छोटी काटकसर किंवा छोटी दिरंगाई दिसते. एकत्र पाहिली तर सवय दिसते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोप सौम्य करून निष्काळजीपणाच्या कलमावर आणला. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने सात जणांना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि भारतीय कंपनीला सुमारे ५ लाख रुपये दंड केला. हजारो मृत्यूंनंतर साडेपंचवीस वर्षांनी कंपनी नावाच्या आरोपीला एवढेच भोगावे लागले. आपला कायदा कंपनीला अपराधी मन असू शकते हे मानतो. २०१० मध्येच इरिडियम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. तुरुंगवास सक्तीचा असलेल्या गुन्ह्यातही कंपनीवर खटला चालवता येतो, हे २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड प्रकरणात ठरले. पण दोषी ठरवून करायचे काय? तुरुंगात टाकता येत नाही, म्हणून दंड.

याहून चांगली वाट आपल्याच न्यायालयाने एकदा चालून दाखवली आहे. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. फेब्रुवारी १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या खंडपीठाने कारखाना पुन्हा सुरू करायला परवानगी दिली, पण अटी घालून. सुरक्षिततेच्या प्रत्येक साधनासाठी एक कामगार नेमून त्याला जबाबदार धरायचे. कारखाना निरीक्षकाने आठवड्यातून एकदा तरी न कळवता यायचे. तज्ज्ञांच्या समितीने वरचेवर पाहणी करायची. कामगारांच्या प्रतिनिधींची सुरक्षा समिती असावी. आणि अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक यांनी भरपाईची जबाबदारी स्वतःवर घेतल्याचे लेखी द्यायचे. ही फौजदारी शिक्षा नव्हती, रिट याचिकेतला आदेश होता. पण सवय कशी घडवतात याची जाण त्यात पुरेपूर होती: नेमलेला हात, न सांगता येणारा डोळा, आणि वरच्याच्या खिशाला झळ.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. समाजसेवा ही शिक्षा म्हणून तिच्यात प्रथमच आली, पण ती किरकोळ गुन्ह्यांसाठी. कंपनीसाठी मात्र व्यवहारात जुना दंडच उरला. १९८६ च्या त्या अटी शिक्षेच्या प्रकरणात लिहून काढायला कोणतीही घटनात्मक अडचण नाही. दोषी ठरलेल्या कंपनीवर दीर्घ मुदतीची देखरेख, तपासणीच्या खर्चावर न्यायालयाचा लगाम, धोका दाखवणाऱ्याला संरक्षण, दोषाची जाहीर कबुली, आणि हे सारे करूनही न सुधारणाऱ्या कंपनीचे विघटन, अशी चढती मांडणी संसदेने करावी. आणि पुढच्या वेळी एखाद्या कंपनीला किती कोटींचा दंड झाला ही बातमी वाचाल, तेव्हा आकड्यावर थांबू नका. तिची कोणती सवय मोडली, हे त्या निकालात शोधा. ते सापडले नाही, तर शिक्षा झालेली नाही असे खुशाल समजा.